आक्षेपवही

नाना सरकारी लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेत, ही गोष्ट शोरूममधल्या त्या मुलाला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. बिचारा पंचविशीचा, गळ्यात टाय, हातात टॅब. ‘सर, तुमचं बजेट काय आहे?’ एवढंच त्यानं विचारलं. त्यावर नानांनी त्याला मूळ अंदाजपत्रक, सुधारित अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक समजावून दिला. मध्ये दोनदा चहा आला. दुसऱ्या चहाला नानांनी विचारलं, ‘हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकता?’

नानांचं उभं आयुष्य ग्रामपंचायती आणि नगरपालिकांची दप्तरं तपासण्यात गेलं. सातारा-सांगलीकडचे जुने ग्रामसेवक अजून त्यांचं नाव निघालं की पाणी मागतात. खराटे चौदा आणि झाडणारा एकच, यावर त्यांनी काढलेला अर्धसमास, म्हणजे आक्षेपाचा कागद, एका तालुक्यात बरीच वर्षं गाजत होता. निवृत्तीनंतर मात्र तपासायला काही उरलं नाही. सुरुवातीला त्यांनी बायकोचा, म्हणजे माईंचा, किराणा तपासायला घेतला. माईंनी एक दिवस यादी आणि पिशवी त्यांच्याच हातात दिली, तेव्हा ती तपासणी आवरली. मग त्यांनी आमच्या सोसायटीचा जमाखर्च मागवला. खजिनदारांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. अशा रिकामपणात माणूस काहीतरी विकत घेतोच. नानांनी गाडी घेतली.

घ्यायची ती हॅचबॅकच, हे आधीपासून ठरलेलं. हिंजवडीतला मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता हॅचबॅक कोण घेतं? एसयूव्ही घ्या.’ त्याचंही चूक नव्हतं. देशात आज विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त त्या उंच, फुगीर जातीच्या असतात, आणि कोथरूडच्या गल्लीत अशा दोघी समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी फाटकात शिरावं लागतं. नाना म्हणाले, ‘घरात माणसं दोन. माझी उंची पाच फूट चार. डोंगर चढायचा तो मी रोज पायी चढतो. मग वरच्या हवेचे पैसे मी का भरू?’

शिवाय कराचा मुद्दा होता. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की सरकार गाडीला लहान समजतं आणि कर कमी लावतं. ही सवलत २००६ च्या अर्थसंकल्पापासून चालत आलीय. (मागून अचानक कापल्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी गाड्यांचं रहस्य तिच्यातच आहे.) नानांना ही कलमं पाठ. २०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी उतरवण्याची घोषणा झाली, तेव्हा त्यांची गाडी नोंदवून झाली होती. त्यांनी शोरूमला लेखी कळवलं की डिलिव्हरी तहकूब. त्या मुलानं फोनवर गयावया केली. मॅट फुकट देतो म्हणाला, सीट कव्हर देतो म्हणाला. नाना बधले नाहीत. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, लहान पेट्रोल गाडीवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा १ टक्का उपकर जाऊन सरसकट १८ टक्के झाला, आणि त्या सकाळी शोरूमचं शटर वर जायच्या आधी नाना दारात उभे होते. मॅट आणि सीट कव्हरही त्यांनी मागून घेतलं. फोनवरचं आश्वासन तारीखवार नोंदलेलं होतं.

त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. गाडी घरी आणायची ती त्याच दिवशी, पण त्याआधी प्रत्यक्ष पडताळणी. नाना यार्डात गेले ते विजेरी, भिंग, टेप आणि लोहचुंबक घेऊन. लोहचुंबकानं पत्र्यावर भरलेली लांबी ओळखता येते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते जुनी गाडी घेताना, एवढं सांगायचं राहिलं होतं. सतरा अक्षरी चासी नंबर त्यांनी कागदाशी ताडून पाहिला. मग टायर. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन तो कोणत्या आठवड्यात तयार झाला त्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिघांवर ३०२५ होतं आणि एकावर २२२५. ‘हा आठ आठवड्यांनी मोठा आहे,’ नाना म्हणाले. यार्डातल्या पोराला वाटलं कौतुक चाललंय. तो म्हणाला, ‘हो सर, थँक्यू.’

मीटरवर आकडा होता ३८. नवी गाडी ३८ किलोमीटर गेली कुठे, कोणी नेली, कोणाच्या परवानगीनं, आणि पेट्रोल कोणाचं? कारखान्यातली चाचणी, ट्रेलरवरची चढउतर, यार्डातून शोरूमपर्यंतचा रस्ता असं सगळं धरून तेवढं होतंच. उलट मीटर शून्यावर दिसलं तर संशय घ्यावा. नानांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि ताबापावतीवर सहीच्या वर लिहिलं : ‘३८ कि.मी.च्या हिशेबाच्या अधीन राहून.’

पूजा शोरूममध्येच झाली, शोरूमनं बोलावलेल्या गुरुजींकडून. दसऱ्याच्या दिवशी त्या गुरुजींच्या मागे गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे मंत्र जरा घाईत होते. डॅशबोर्डवर विड्याचं पान, पानावर सुपारी, सुपारीवर गणपतीचं आवाहन. बॉनेटवर स्वस्तिक काढताना नानांनी कुंकवाखाली पातळ प्लास्टिक धरलं, रंगाला डाग नको म्हणून. लिंबं चाकांखाली ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी एक लिंबू त्या वयानं मोठ्या टायरखाली स्वतः सरकवलं.

घरी आल्यावर वही उघडली. दोनशे पानी, लाल बांधणीची. पानावर मधोमध उभी रेघ; डावीकडे आक्षेप, उजवीकडे अनुपालन. वहीची पहिली पंधरा पानं मी वाचली आहेत. सरकारी दप्तरात इतकं जिवंत वाङ्मय क्वचित सापडतं.

पहिला आक्षेप : ‘वाहन अकारण मान हलवावयास लावते.’ गुडघ्यामुळे नानांनी एएमटी घेतली. २०१४ पासून आपल्याकडे लहान गाड्यांत ही सोय मिळू लागली. आतला गिअरबॉक्स आपला नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ते यंत्र क्षणभर विचारात पडतं. तेवढ्यात आतली माणसं पुढे झुकतात आणि मागे येतात. कर्वे रस्त्यानं नाना बोलत चाललेत आणि शेजारी माई मान डोलावतायत, हे पाहून ओळखीची दोन माणसं पदपथावर थांबली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, असं पूर्वी घडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. यावर उपाय सोपा आहे. गिअर बदलायच्या सुमारास ॲक्सिलरेटर किंचित सोडायचा, धक्का जवळजवळ जातो. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं तो सांगितलाही. नाना म्हणाले, ‘म्हणजे चूक यंत्राची आणि सांभाळून मी घ्यायचं?’ उजव्या बाजूला नोंद आहे : ‘अनुपालन अमान्य.’ माईंची मात्र या मुद्द्यावर काही तक्रार नाही. त्या म्हणतात, मान हलवली म्हणजे कबूल केलं असं थोडंच आहे.

तिसरा आक्षेप गंजाचा. परतीचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या चाकाच्या आत नानांना तांबूस रंग दिसला. नवी गाडी, आणि गंज! सहा वाजता मला उठवून खाली नेलं. ब्रेकची चकती बिडाची असते, तिला रंग नसतो. पाणी लागलं की एका रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ थर धरतो आणि पहिले दोन-चार ब्रेक मारले की घासून जातो. सकाळी निघताना येणारी कर्रकर्र तीच. हे मी सांगितलं, मेकॅनिकनं सांगितलं, मुलानं हिंजवडीहून सांगितलं. नानांनी ब्रेक मारून पाहिला, गंज गेला, आणि मग त्यांना वेगळाच घोर लागला : पुरावा नष्ट झाला. तेव्हापासून पावसाच्या दुसऱ्या दिवशी ते गाडी हलवण्यापूर्वी चाकाचा फोटो काढतात, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून.

एप्रिलमध्ये गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं. एसीची गार नळी हवेतलं बाष्प धरते आणि ते पाणी खाली सोडते, एवढंच. नानांनी खाली माईंचं मापाचं भांडं लावलं, डेक्कनपर्यंत जाऊन आल्यावर किती मिलिलीटर जमतं ते लिहिलं. माईंनी ते पाणी तुळशीला घालून टाकलं.

घंटांचं प्रकरण जास्त गंभीर. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत पट्टा लावला नाही की बोंब मारणारी घंटा सक्तीची झाली, चालकासाठी आणि शेजारच्या सीटसाठीही. शेजारच्या सीटला माणूस कळत नाही, वजन कळतं. मे महिन्यात नानांनी मंडईतून फणस घेतला आणि डिकीत डाग नको म्हणून पुढच्या सीटवर ठेवला. लकडी पूल येईपर्यंत घंटेनं डोकं उठवलं. नानांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, दुसरीकडचं दार उघडलं आणि फणसाला पट्टा लावला. खांद्यावरून, पोटावरून, नीट. सिग्नलवरचा हवालदार ते पाहत होता. त्यानं हात वर केला, नंतर खाली घेतला. कोणतं कलम लावावं हे त्याला कळलं नसावं.

दुसरी घंटा ८० च्या पुढची. ताशी ८० ओलांडलं की गाडी टोकते, १२० च्या पुढे तर गप्पच बसत नाही. द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना १०० ची मुभा आहे, पण नाना म्हणतात, गाडीचा आक्षेप आला की आला. ते ७९ नं जातात. मागून येणारे जे काही बोलतात ते काचा बंद असल्यामुळे नानांपर्यंत पोचत नाही.

आता ॲव्हरेज. नवी गाडी घेतलेल्या मराठी माणसाला रंग कोणता, असं विचारायची पद्धत नाही. ‘किती देते?’ एवढंच विचारायचं असतं. नानांच्या गाडीला कागदावर लिटरमागे वीसच्या पुढचा आकडा आहे. प्रत्यक्षात कोथरूड ते डेक्कन, सिग्नल धरून, पडलं १२.४. नानांची मोजण्याची रीत बिनचूक : टाकी भरायची, पंपाचा नळ पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं, मीटर शून्य करायचं, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळानं, त्याच वेळी भरायचं. ‘काका, राऊंड फिगर करू का?’ असं म्हणत पोरगा पुन्हा नळ दाबायला जातो तेव्हा नाना त्याचं मनगट धरतात. त्या पंपावर आता नानांना पाहिल्यावर पोरं हात मागे बांधून उभी राहतात.

गंमत अशी की ही प्रमाणित आकडेवारी ज्या चाचण्यांतून निघते, त्या करणारी एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था नेमकी वेताळ टेकडीवर आहे, कोथरूडच्या डोक्यावर. पुणेकर त्या बाजूला एआरएआय टेकडी असंच म्हणतात आणि नाना रोज पहाटे तिथेच फिरायला जातात. चाचणीत गाडीची चाकं रुळांवर फिरवतात. सुमारे वीस मिनिटं, ठरवून दिलेल्या वेगांनी, जास्तीत जास्त ९०, एसी बंद. समोर रिक्षा नाही, खड्डा नाही, मध्येच वळणारा टेम्पो नाही. यात संस्थेचा काहीही दोष नाही. सगळ्या गाड्यांना एकच पट्टी लावायची तर असंच मोजावं लागतं आणि तो आकडा गाड्यांची आपसांत तुलना करायलाच वापरायचा असतो. नानांना हे पटतं, पण टेकडीवर त्या कुंपणाशी आले की त्यांची चाल मंदावते. अंतिम चाचणी पौड रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला घ्यावी, अशा सूचनेचा मसुदा तयार आहे.

त्यात पुन्हा पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. पेट्रोलच्या मानानं इथेनॉलमध्ये उष्णता जवळजवळ एकतृतीयांश कमी, म्हणजे ॲव्हरेज थोडं उतरणारच. गाडी त्या इंधनासाठीच बनवलेली असल्यानं इंजिनाला त्याचा धोका नाही, पण नानांनी लगेच हिशेब मांडला. ‘पाचातला एक लिटर मी उसाचा जाळतो. मग कारखान्याच्या सभेची नोटीस मला का येत नाही? दिवाळीची साखर तरी द्या.’

पण वहीचा खरा नायक आक्षेप क्रमांक पाच : ‘टक्.’

नानांकडे आधी मारुती ८०० होती. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ती गाडी २०१४ साली बनायची थांबली, नानांची त्यानंतरही बरीच चालली. त्या गाडीत सगळंच वाजायचं, त्यामुळे एखादा सुटा आवाज ऐकू येण्याची सोयच नव्हती. नवी गाडी आतून इतकी शांत की बारीक आवाजही खोलीत कुजबुज ऐकावी तसा कानावर येतो. नवी गाडी घेतलेली निम्मी माणसं याच दुखण्यानं हैराण असतात. नानांचा आवाज डावीकडून यायचा, डाव्या वळणावर किंवा गतिरोधकावर. ‘पौड फाटा, डावे वळण : टक् एक. करिश्मा चौकाच्या अलीकडे, गतिरोधक : टक् दोन, पैकी दुसरा अस्पष्ट.’ अशा नोंदी पानंच्या पानं. दिवाळीला आलेल्या नातवाला पुढे खाली वाकून बसवलं, कान डॅशबोर्डला लावायला सांगून. तो पोरगा पुन्हा त्या गाडीत बसलेला नाही.

पहिल्या सर्व्हिसची मुदत हजार किलोमीटर किंवा एक महिना, यांतलं आधी होईल ते. नाना २१२ किलोमीटरवर गेले. सर्व्हिस ॲडव्हायझर नावाचा जो प्राणी असतो त्याला गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकत ऐकत दुसरंच टाइप करण्याची विद्या येते. नानांनी त्याला जॉब कार्डवर लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. ‘जनरल चेकअप’ असं होतं. नानांनी ते खोडून वीस ओळी लिहायला लावल्या. मग मेकॅनिक फेरी मारायला निघाला, आणि आवाज गप्प. नेहमीचंच, डॉक्टरसमोर ताप उतरतो. आल्यावर तो म्हणाला, ‘सर, आवाज नाहीये.’ नानांनी वहीत लिहिलं : ‘पडताळणीच्या वेळी आवाज हजर ठेवण्यात आला नाही.’

असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेस, मे महिन्यात, नाना डबा घेऊनच गेले आणि गाडी उघडेपर्यंत उठणार नाही असं सांगून बाकावर बसले. मीही बरोबर होतो, साक्षीदार म्हणून. एका पोरानं पुढचा कप्पा काढला, डॅशबोर्डची डावी बाजू सैल केली, आत हात घातला, चाचपलं. मग हात बाहेर काढून तळवा उघडला. तळव्यावर सुपारी. बारकी, पूजेची, एका बाजूला कुंकू अजून लागलेलं.

पानावरून घरंगळून ती काचेच्या कडेच्या फटीतून आत गेली होती. कोणीच काही बोलेना. नानांनी फोन लावून माईंना सांगितलं. माई म्हणाल्या, ‘अहो, आवाहन केलं, विसर्जन कुठे केलं? गुरुजी अक्षता देत होते तेव्हा तुम्ही बॉनेट पुसत होतात. सात महिने देव आतून दार वाजवतोय आणि तुम्ही त्याच्यावर आक्षेप लिहिताय!’

मला वाटलं, नाना आता नरमतील. ॲडव्हायझरही खुशीत आला होता. त्यानं कारणाच्या रकान्यात ‘बाह्य वस्तू’ असं टाइप केलं आणि सांगितलं की हा उत्पादनातला दोष नाही, वॉरंटीत बसत नाही, उघडण्या-बसवण्याची मजुरी भरावी लागेल. नाना सावकाश उठले. ‘बाह्य कशी? पूजा तुमच्या शोरूममध्ये झाली. गुरुजी तुम्ही बोलावलेले. दक्षिणा तुमच्या बिलात “हाताळणी खर्च” म्हणून लावलेली. माझ्याकडे प्रत आहे. गाडी ताब्यात घेण्याआधी सुपारी पडली, म्हणजे ती तुमच्या ताब्यातली गाडी. पूजा तुम्ही अर्धवट ठेवलीत. अनुपालन तुमचं.’ ॲडव्हायझरनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं बिल पाहिलं, नानांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि मजुरी माफ केली. वर गाडी धुऊन दिली. त्या सुपारीवर नानांनी तिथेच अक्षता टाकल्या; मेकॅनिकच्या पोरानं हात जोडले.

पहिल्या ओरखड्याबद्दल फार लिहीत नाही. तिळाएवढा होता, मागच्या बंपरवर. नानांनी जमिनीपासून त्याची उंची मोजली आणि पार्किंगमधल्या प्रत्येक स्कूटरच्या ब्रेकच्या दांडीची उंची मोजत फिरले. माप जुळलं ते सेक्रेटरींच्या स्कूटरशी. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय चौथा आहे. पाण्याचा टँकर पाचवा.

लोक हसतात नानांना, मीही हसतो. पण आमच्या पार्किंगमध्ये नव्या गाड्या बऱ्याच आहेत आणि दर आठवड्याला टायरची हवा थंड असताना तपासली जाते ती एकाच गाडीची. मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला मालकही एकच. नऊ महिन्यांत गाडी २,१४० किलोमीटर चालली. त्यातले बरेच सर्व्हिस सेंटरला जाण्यायेण्याचे असले तरी एकाही पेट्रोलच्या पावतीत खाडाखोड नाही.

तेव्हा जुनी हॅचबॅक घ्यायच्या विचारात असाल तर झगमगीत दुकानात जाऊ नका. आपल्या भागातला नाना शोधा. प्रत्येक भागात एक असतोच. गाडी डोळे झाकून घ्या, वही मागून घ्या. फक्त भाव ठरवायला एकटे जाऊ नका, हिशेबातलं कोणीतरी माणूस सोबत न्या.